कॅमेरा आदल्या संध्याकाळी हातात येणार असेल तर

प्रश्न थोडक्यात असा होता की डिप्लोमा फिल्म आहे, १२ मिनिटांची, तीन दिवसांचं शूट, मिररलेस कॅमेरा शूटच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मिळणार, आणि सीनियर म्हणतोय बॅटऱ्या चार्ज कर, कार्ड फॉरमॅट कर, बाकी सेटवर बघून घेऊ. तर एवढ्यावर भागतं का?

नाही भागत. मी बरीच वर्षं कॅमेरा असिस्टंट म्हणून काढली, आता स्वतः शूट करतो, आणि माझ्या हातून जे घोळ झाले त्यातले बहुतेक आदल्या रात्री सापडले असते. सेटवर बघून घेऊ म्हणायला सोपं आहे, पण तिथे नट मेकअप करून उभा असतो, डायरेक्टर घड्याळाकडे बघत असतो, खिडकीतला उजेड उतरत चाललेला असतो, तेव्हा मेनूत शिरायला कोणाला सवड असते? माझा हिशोब एवढाच आहे की कॅमेरा तयार आहे की नाही हे कॅमेऱ्याकडे बघून कळत नाही. त्यावर घेतलेली क्लिप एडिटरच्या लॅपटॉपवर उघडली, आवाजासकट टाइमलाइनवर बसली, रंग थोडा ओढला-ताणला तरी फाटली नाही, तर कॅमेरा तयार. ती एक क्लिप रात्री झोपायच्या आधी निघाली पाहिजे, पुढे जे सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

सुरुवात कॅमेरा ताब्यात घेतानाच करायची. बॅग घरी नेऊन उघडू नकोस, देणाऱ्यासमोर उघड आणि एकेक वस्तू बाहेर काढ. लेन्सच्या काचेवर ओरखडा आहे का, फोकस रिंग अडकत नाही ना, एचडीएमआयचं सॉकेट हलतंय का (मायक्रो एचडीएमआय असेल तर बहुतेक हलत असतंच), चार्जर आहे पण त्याची वायर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रायपॉडची प्लेट. हसू नकोस. माझ्या पहिल्या फिल्मला ट्रायपॉड होता, कॅमेरा होता, आणि प्लेट आधीच्या ग्रुपच्या कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटून त्यांच्याबरोबर निघून गेली होती. दुपारपर्यंत पुस्तकांच्या ढिगावर कॅमेरा ठेवून शूट केलं, ठरवलेले सगळे पॅन रद्द, सगळे शॉट स्थिर. स्क्रीनिंगला एक जण म्हणाला फ्रेमिंगमध्ये फार छान संयम आहे. आम्ही गप्प बसलो.

बॅटऱ्यांवर चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ नंबर टाक, कारण चारपैकी एक म्हातारी असतेच, ती १०० टक्के दाखवते आणि दहा मिनिटांत मान टाकते, नंबर नसेल तर ती कोणती हे तीन दिवस कळत नाही.

मग घरी आलास की आधी फॅक्टरी रिसेट. कॉलेजचा किंवा भाड्याचा कॅमेरा म्हणजे आधीच्या दहा जणांच्या सवयी मेनूत साचलेल्या असतात. कोणी डिजिटल झूम चालू ठेवलेला असतो, कोणी शार्पनेस चढवलेला असतो, कोणी स्लो मोशन मोडवर सोडून गेलेला असतो, आणि त्या मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज रेकॉर्डच होत नाही, हे तुला तिसऱ्या टेकनंतर कळणार. एकेक शोधून बंद करण्यापेक्षा सगळं पुसून आपलं आपण लावलेलं बरं. तारीख आणि वेळ पण लगेच लाव, नंतर दोनशे क्लिप लावताना तीच उपयोगी पडते. फर्मवेअर (कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मात्र त्या रात्री अजिबात करू नकोस, कितीही मोह झाला तरी.

आता फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) आणि शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो), इथे जरा थांबून सांगतो कारण पोरं सगळ्यात जास्त इथेच फसतात. २४ घेऊ की २५ यावर रात्र रात्र वाद घालतात, पडद्यावर कोणालाही फरक कळत नाही. खरा मुद्दा विजेचा आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे साधी ट्यूब, साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० असेल तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन उजळण्या मिळतात, सगळ्या फ्रेम सारख्या. १/१०० ला एक मिळते, तेही चालतं. १/६० ठेवलंस की पावणेदोनच्या आसपास काहीतरी अर्धवट मिळतं, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं, आणि सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे भिंतीवर काळपट आडवे पट्टे सरकायला लागतात. म्हणून ५० हर्ट्झला २५ फ्रेम आणि १/५० शटर, विषय संपला. २४ चाच हट्ट असेल तर २४ घे पण शटर १/५० च ठेव, कॅमेरा शटर अंशात दाखवत असेल तर १७२.८ अंश, म्हणजे तेवढंच येतं. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०. आणि ५० हर्ट्झच्या उजेडात १०० फ्रेमचा स्लो मोशन निभतो, १२० चा लुकलुकतो, कारण १/१२० सेकंदात एक उजळणी पुरी होतच नाही.

पण हे झालं साध्या दिव्यांचं. डिमरवाले स्वस्त एलईडी, सजावटीच्या माळा, टीव्ही-मॉनिटरचे स्क्रीन हे आपापल्या वेगाने लुकलुकतात, त्यांना तुझा १/५० माहीत नसतो. आमच्या एका फिल्ममध्ये बेडरूमचा सीन होता, कोपऱ्यात छोटा एलईडी लॅम्प, डायरेक्टरच्या आग्रहाने तो मंद केलेला. चौदा टेक घेतले. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळं लोण्यासारखं दिसत होतं, एडिटला मोठ्या मॉनिटरवर बघितलं तर लॅम्पच्या मागच्या भिंतीवर एक सावली सावकाश वर चढतेय. सीन ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला, तरी ती चढतच होती. शेवटी सीनमधल्या बाईच्या क्लोजअपवर पूर्ण सीन ढकलला. तेव्हापासून मी लोकेशनवरचा प्रत्येक दिवा, जेवढा मंद करायचा असेल तेवढा मंद करून, दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करतो आणि मोठ्या स्क्रीनवर बघतो. लोकेशनला आदल्या दिवशी जाता येत नसेल तर निदान स्वतःचे दिवे तरी असे तपास. काही कॅमेऱ्यांत शटर दशांशात हलवता येतं, पट्टे स्थिर होईपर्यंत हलवत राहायचं, ती सोय तुझ्या कॅमेऱ्यात आहे का ते रात्रीच शोधून ठेव.

लॉग, म्हणजे मुद्दाम फिकट, सपाट घेतलेलं चित्र, जे नंतर रंग ओढून-ताणून (ग्रेडिंग) खुलवायचं. सगळ्यांना लॉगमध्ये शूट करायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे, तुझा कॅमेरा अंतर्गत ८ बिटच रेकॉर्ड करत असेल तर पहिल्या फिल्मला लॉग नको. ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिट म्हणजे १०२४. लॉग त्या पायऱ्या दाबून बसवतो आणि ग्रेडिंगला तू त्या ताणतोस, मग २५६ वाल्या आकाशात नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे टप्पे दिसायला लागतात. त्यापेक्षा न्यूट्रल प्रोफाइल, कॉन्ट्रास्ट थोडा खाली, शार्पनेस पार खाली, आणि एक्स्पोजर नीट. १० बिट असेल तर लॉग खुशाल घे, पण बेस आयएसओ (ज्या संवेदनशीलतेवर सेन्सर सगळ्यात स्वच्छ चित्र देतो ती) कोणता ते आधी शोध. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत दोन असतात, ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के ला ४०० आणि ३२००, सोनी एफएक्स३ ला सिने ईआय नावाच्या लॉग मोडमध्ये ८०० आणि १२८००. रात्रीच्या सीनला घाबरत घाबरत आयएसओ चढवत मधेच कुठेतरी थांबण्यापेक्षा वरच्या बेसवर उडी मारलेली जास्त स्वच्छ निघते, हे तुझ्या कॅमेऱ्यावर स्वतः घेऊन बघ, अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटांचं काम आहे. अजून एक, सोनीच्या एस-लॉग३ मध्ये पांढरा साधारण ९४ टक्क्यांवरच संपतो, त्यामुळे झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) १०० वर ठेवून बसलास तर खिडकी जळून गेली तरी पट्टे येणारच नाहीत. ९४ च्या जरा खाली ठेव.

व्हाइट बॅलन्स ऑटो नको, एवढंच. दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्व्हिन, जुन्या पिवळ्या बल्बला ३२००, किंवा ग्रे कार्डवर मॅन्युअल घे. ऑटोवर असताना लाल शर्टवाला फ्रेममध्ये शिरला की मागची भिंत रंग बदलते, शॉट चालू असतानाच, आणि ते दुरुस्त करताना एडिटरच्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिता येत नाही.

सेन्सरवरची धूळ. ही घरात दिसत नाही, कारण घरात तू एफ २.८ वर (अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं) असतोस, बाहेर उन्हात एफ ११ वर (भोक बारीक) गेलास की आकाशात माशी बसल्यासारखा डाग, प्रत्येक शॉटमध्ये त्याच जागी. चाचणी सोपी आहे, पांढरा कागद पूर्ण फ्रेमभर येईल असा धर, अपर्चर एफ १६ किंवा २२ वर ने, फोकस मुद्दाम बिघडव आणि कागद हळूहळू हलवत रेकॉर्ड कर. कागद हलतो, डाग हलत नाही, तोच सेन्सरवरचा. मग लेन्स काढून, कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअरने चार-पाच झटके. तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकीचा कण धुळीपेक्षा वाईट. कॅनमधली हवा पण नको, आणि रुमाल तर नकोच नको. तरी नाही गेला तर ज्याला सेन्सर साफ करता येतो त्याच्याकडे ने, नाहीतर उन्हातले शॉट एनडी (उजेड कमी करणारा काळपट फिल्टर) लावून अपर्चर उघडं ठेवून घे.

त्यासोबतच लेन्सचं झाकण लावून, कॅमेरा वीस मिनिटं चालू राहून गरम झाल्यावर, रात्रीच्या सीनला जो आयएसओ वापरणार त्यावर दहा सेकंद काळं रेकॉर्ड कर. एखादा लाल-निळा ठिपका एकाच जागी चमकत असेल तर तो हॉट पिक्सेल, मेनूत पिक्सेल मॅपिंग किंवा तशा नावाची सोय असते, ती चालव आणि परत बघ.

फोकसची तपासणी करताना आधी व्ह्यूफाइंडरची डायऑप्टरची चाकी स्वतःच्या डोळ्याला लाव, स्क्रीनवरची अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत. आधी चष्मेवाला कोणी वापरून गेला असेल तर तुला सगळंच आउट दिसतं आणि तू लेन्सला दोष देत बसतोस. मग टेबलावर मोजपट्टी कॅमेऱ्यापासून लांब जाईल अशी तिरकी ठेव, अपर्चर पूर्ण उघड, मॅग्निफाय करून ५० च्या आकड्यावर फोकस कर, रेकॉर्ड कर, आणि लॅपटॉपवर बघ कोणता आकडा खरा धारदार आहे. ५० च असेल तर उत्तम. तुला ५० दिसत होता आणि फुटेजमध्ये ४७ धारदार निघाला, तर तुझी फोकस बघायची पद्धत किंवा पीकिंगचं (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं) सेटिंग फसवतंय, उद्या नटाच्या डोळ्याऐवजी नाकाला फोकस लागणार. ऑटोफोकसवर पण हेच करून बघ. झूम लेन्सची पण परीक्षा घे, टेलीला फोकस करून वाइडला ये, फोटोच्या बहुतेक झूम लेन्स इथे फोकस सोडतात, व्हिडिओवाल्यांची ती जुनी युक्ती, झूम इन करून फोकस आणि मग झूम आउट, या लेन्सवर चालत नाही. जिथे फ्रेम लावलीस तिथेच फोकस करायचा.

ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेव, कॅमेरा उगाच हालचाल शोधत बसतो, पॅन संपताना फ्रेम किंचित मागे येते. हातात धरून वाइड लेन्सवर घेणार असशील तर चालताना फ्रेमचे कोपरे जेलीसारखे डुलतात का ते बघून घे.

एनडी फिल्टरचं गणित अगदी घरगुती आहे पण कोणी करत नाही. कडक ऊन, आयएसओ ८००, शटर १/५०. उन्हाचा जुना नियम सांगतो की एफ १६ ला शटर १/८०० हवं. तू १/५० वर आहेस म्हणजे ४ स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आणि तुला एफ १६ नको, मागचं धूसर करायला एफ ४ हवं, म्हणजे अजून ४. एकूण ८ स्टॉप. फिल्टरवर ०.३ म्हणजे १ स्टॉप, तेव्हा तुला २.४ चा एनडी लागणार, आणि बॅगेत असतो ०.९ चा. मग पोरं शटर १/१००० ला नेतात आणि चालणारा माणूस कठपुतळीसारखा झटके देत चालतो. व्हेरिएबल एनडी असेल तर तो पार शेवटपर्यंत फिरवून बघ, फ्रेमवर काळी फुली उमटायला लागते त्याच्या आधी कुठे थांबायचं ते खूण करून ठेव. काळे कपडे तपकिरी-लालसर दिसतात का तेही उन्हात बघ, स्वस्त जाड एनडीतून इन्फ्रारेड आत येतं. फिल्टर लेन्सच्या आट्यांवर बसतो का, ७७ मिलिमीटर का ८२, हे तर बघशीलच.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेणार असलास तरी कॅमेऱ्याचा माइक चालू ठेव, सिंक करायला तोच लागतो. दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, ऑटो लेव्हल बंद, मोठ्याने बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास. हेडफोन लावून ऐक, काटा हलतो म्हणजे आवाज चांगला येतोय असं नसतं, वायर तुटकी असेल तरी खरखरीवर काटा मस्त नाचतो.

कार्डांबद्दल एक गोंधळ कायम बघतो. कॅमेऱ्याच्या मेनूत लिहिलेलं असतं १०० एमबीपीएस, ते मेगाबिट, कार्डावर असतात मेगाबाइट, आठ पटीचा फरक. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ४०० मेगाबिट घेतलंस तर तासाला १८० जीबी. आता तुझ्याकडे ६४ जीबीची दोन कार्डं असतील तर ठरव. वेग बघताना कार्डावरचा मोठा आकडा बघू नकोस, तो बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे बघ, म्हणजे सलग लिहिण्याचा किमान वेग ३०, ६०, ९० मेगाबाइट. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही. आणि रिकामं करताना फक्त क्लिपचा फोल्डर उचलू नकोस, अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी कर, इतर फोल्डरमध्ये बारीकसारीक फायली असतात त्या कधी लागतील सांगता येत नाही. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी झाली आणि दोन्हीवरून क्लिप चालवून बघितल्या, मगच ते कार्ड परत फॉरमॅटला. हे काम कोणाचं ते आज रात्रीच ठरव, एकाच माणसाचं, "कोणीतरी केलं असेल" हे वाक्य मी सेटवर दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा कोणीच केलेलं नव्हतं.

माझी आवडती चाचणी म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर लावून सेकंदकाटा असलेल्या घड्याळासमोर ठेवायचा, उद्या जे सेटिंग वापरणार तेच, आणि रेकॉर्ड दाबून जेवायला जायचं. कार्ड भरेपर्यंत किंवा बॅटरी मरेपर्यंत. एका दगडात तीन पक्षी, बॅटरी किती चालते, कॅमेरा तापून बंद पडतो का, आणि कार्ड खरंच शेवटपर्यंत लिहितं का (बनावट कार्ड अर्ध्यातच गंडतं). जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, तेही इथेच कळेल. नंतर क्लिप पळवून घड्याळाचा काटा कुठे उडी मारतो का बघ, मारत असेल तर फ्रेम गळतायत, कार्ड बदल.

आणि मग ती खरी क्लिप. घरातलं कोणी असेल त्याला खिडकीत किंवा दिव्याखाली बसव, चेहरा हवा, भिंत नको. टाळी वाजव, त्याला दोन वाक्यं बोलायला लाव, उठून अंधाऱ्या कोपऱ्यात चालत जाऊ दे. कार्ड काढ, एडिटरकडे जा, त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये. तुझ्या मशीनवर चाललं म्हणून त्याच्याकडे चालेल असं नसतं, एच.२६५ चं १० बिट ४:२:२ फुटेज बऱ्याच मशीनना झेपत नाही, अडखळत चालतं, मग प्रॉक्सी (एडिटसाठी हलक्या कॉपी) बनवायच्या की दुसरा कोडेक (रेकॉर्डिंगचा फॉरमॅट) घ्यायचा हे आजच ठरलं पाहिजे. टाइमलाइन २५ ची आणि क्लिप २४ ची असं झालंय का बघ. टाळीवर आवाज जुळव. चेहऱ्यावर थोडं एक्स्पोजर वर-खाली कर, कातडीचा रंग कुठे मरतो बघ. सगळ्या टीमने एकदा ती क्लिप बघितली की उद्या सेटवर "हे असंच दिसणार आहे का" हा प्रश्न येत नाही.

सगळं जमलं की सेटिंग कॅमेऱ्यात सेव्ह कर, पण काही कॅमेरे ते कार्डवर सेव्ह करतात आणि सकाळी तू कार्ड फॉरमॅट करतोस, गेलं. म्हणून मी कॅमेऱ्याच्या अंगावर पांढऱ्या टेपचा तुकडा लावतो आणि पेनने लिहितो, २५, १/५०, आयएसओ, केल्व्हिन, प्रोफाइल. दिवसातून चार वेळा, बॅटरी बदलली की, जेवणानंतर, लोकेशन बदललं की, टेप आणि स्क्रीन ताडून बघायचं. रात्री प्लेट कॅमेऱ्यालाच लावून ठेव, सुटी बॅगेत टाकू नकोस.

सकाळी एसी खोलीतून थेट दमट हवेत गेलास तर लेन्सवर वाफ धरते, अशा वेळी पुसत बसू नकोस, कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेव आणि मग उघड. पहिला टेक झाला की लगेच प्लेबॅक कर, आवाजासकट, शेवटपर्यंत. मग दुसरा घ्या.